डिक्लेअर न केलेला माल

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही पॅरिशमध्ये डोकावा, काही माणसं ठरलेली असतात. फीस्टच्या रात्री हाउजीचे आकडे पुकारणारा एक असतो. क्वायरमध्ये सगळ्यांच्या आधी सुरू होणारी आणि सगळ्यांच्या नंतर थांबणारी एक बाई असते. सभेत छपराच्या गळतीचा विषय दरवर्षी काढणारा एक असतो. छप्पर दुरुस्त झालं तर हा पुढे काय बोलणार या काळजीपोटीच की काय, ते दुरुस्त होत नाही. याच मंडळींत एक निवृत्त गृहस्थ असतो. काखेत जाडजूड इंग्रजी कादंबरी, कव्हरवर ड्रॅगन, खिशात लाल-निळी दुतोंडी पेन्सिल. या माणसाला कादंबरीत ख्रिस्त सापडतो. तोही कसा, तर जिथे ख्रिस्ताचं, चर्चचं, येरुशलेमचं नाव औषधालाही नाही, नुसत्या चेटकिणी, बुटके, बोलणारी झाडं आणि पहिल्या पानावर एक नकाशा आहे, तिथे हमखास.

या जातीचा अस्सल नमुना मरोळ गावठाणात राहतो. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणतो. अंकल ईस्ट इंडियन, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीपासून इथे भात लावणाऱ्यांचे वंशज. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षात, या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून स्वतःला हे नाव लावून घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांचं नाव ईस्ट इंडियन. लेबल एक आणि आत माल दुसराच, हे अंकलना त्यामुळे जन्मापासूनच ठाऊक होतं. वर नोकरी मिळाली ती कस्टम्समध्ये. सहारच्या कार्गोत आलेली पेटी उघडायची, कागदावर लिहिलंय ते आणि आत आहे ते जुळतंय का बघायचं, नसेल जुळत तर पंचनामा. दुधाच्या पावडरीत सोनं आणि टेपरेकॉर्डरच्या पोटात घड्याळं बघितलेला माणूस. निवृत्तीनंतर पेट्या यायच्या थांबल्या, हाताची सवय गेली नाही.

‘‘पुस्तक म्हणजे बॅग रे, मॅन,’’ ते मला सांगतात. ‘‘कपडे वरच असतात. खाली हात घालायचा.’’

लुइसच्या नार्नियाची सात पुस्तकं, १९५० ते १९५६ या काळातली, त्यांनी सर्वांत आधी तपासली. अस्लन नावाचा सिंह एका फितूर पोराच्या बदल्यात दगडी टेबलावर जीव देतो आणि पहाटे उठून परत चालायला लागतो. अंकलना त्यात काही राम वाटला नाही. ‘‘हा लुइस रेड चॅनेलमधून आलेला. सगळा माल फॉर्मवर लिहिलेला. ड्यूटी भरली, गेला. त्याची काय झडती घ्यायची?’’ शिवाय लुइसवर त्यांचा एक जुना राग आहे. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या आवारात टोल्किनने आणि आणखी एका मित्राने मध्यरात्र उलटेपर्यंत त्याच्याशी वाद घातला. पुराणकथांना नुसत्या थापा समजू नकोस, ख्रिस्ताची कथा ही खरोखर घडलेली पुराणकथा आहे, हे त्याच्या गळी उतरवलं. लुइसला पटलं, तो ख्रिस्ती झाला. पण कॅथलिक टोल्किनच्या मागे न जाता अँग्लिकन झाला. ‘‘इतकी मेहनत करून शेवटी उतरला कुठे, तर शेजारच्या स्टेशनावर,’’ असं म्हणून अंकल मान हलवतात. जणू त्या रात्री लुइसला स्टेशनपर्यंत सोडायला हेही गेले होते.

खरा कसबी म्हणजे टोल्किन. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली तीन खंडांत आलं. त्यात देऊळ नाही, पाद्री नाही. आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बुवांनी साफ लिहून ठेवलं की रूपककथा हा प्रकारच मला आवडत नाही, माझ्या गोष्टीत दडवलेला अर्थ शोधू नका. हातात काही नाही असं सांगत ग्रीन चॅनेलमधून चालायला लागलेला प्रवासी! कस्टम्सच्या माणसाला याहून मोठं आमंत्रण कोणतं? त्यात अंकलना सुगावा लागला की याच गृहस्थाने १९५३ साली एका जेझुइट मित्राला पत्रातून कबुली दिली होती: पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिकच आहे, पहिल्यांदा ते नकळत झालं, फेरलेखनात समजून उमजून. त्या पत्राची झेरॉक्स अंकलनी लॅमिनेट करून घेतली आहे. प्रस्तावनेची पानं मात्र त्यांच्या प्रतीत उघडत नाहीत. चारही बाजूंनी स्टेपल मारलेलं आहे.

बाकी पुस्तक लाल-निळं. लाल म्हणजे पक्का पुरावा, निळा म्हणजे संशय. जादूगार गँडाल्फ खोल दरीत पडतो आणि शुभ्र होऊन परत येतो: लाल. प्रवासात खायची एल्फ लोकांची ती पातळ भाकरी, एका तुकड्यावर दिवस निघतो आणि उपाशीपोटी तिचा जोर वाढतो: लाल, समासात ‘ख्रिस्तप्रसाद’. गॅलाड्रिएल: लाल, ‘मोत मावली’. बुटक्या गिमलीची दाढी: निळा. दाढीत काय संशयास्पद असावं, हे मी अजून विचारलेलं नाही.

पण अंकलच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी जप्ती परिशिष्टातली. पुस्तकाच्या शेवटी टोल्किनने तारीखवार जंत्री दिली आहे. ती वाचायला सामान्य वाचक धजत नाही. अंकलनी ती आधी वाचली, कारण कागदपत्रं नेहमी शेवटीच जोडलेली असतात. फ्रोडो आणि मंडळी रिव्हेंडेलहून निघतात ती तारीख २५ डिसेंबर. आणि जिच्यापायी ही सगळी यातायात ती अंगठी ज्वालामुखीत पडून नष्ट होते ती २५ मार्च. २५ मार्च म्हणजे देवदूताने मारियेला निरोप सांगितला तो सण, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी. मध्ययुगीन परंपरेने ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणाचीही हीच तारीख मानली होती. हे त्यांना सापडलं तेव्हा रात्री अकरा वाजता मला फोन आला. ‘‘दोन तारखा, मॅन! दोन्ही बिनबोभाट आत आणल्या!’’ मी म्हटलं, योगायोग असेल. पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘‘माझ्या सर्व्हिसमध्ये प्रत्येक जण हेच म्हणायचा.’’ टोल्किन भाषाशास्त्राचा प्राध्यापक, चंद्राच्या कलासुद्धा हिशेबाने मांडणारा. त्याला २५ मार्च म्हणजे काय ठाऊक नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. इथे अंकल बरोबर आहेत, हे मलाही मुकाट्याने मान्य करावं लागलं.

तेव्हापासून मरोळच्या त्या घरात २५ मार्चला अंगठी बुडते, आणि त्यानिमित्त सामिष जेवण होतं. अडचण अशी की ही तारीख बहुतेक उपासकाळात येते, आणि उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. २०२२ साली ती नेमकी शुक्रवारीच आली. आंटींनी वालाची भाजी टाकली होती. अंकलनी चर्चचा कायदा काढला: महासण शुक्रवारी पडला तर मांस न खाण्याचं बंधन राहत नाही. कलमाचा आकडा तोंडपाठ, १२५१. आंटींनी फादरांना फोन करून खात्री केली, कायदा खराच निघाला, आणि त्या दिवशी डुकराचं इंद्याल झालं. ताटावर बसताना अंकलच्या चेहऱ्यावर मध्य-पृथ्वी वाचवल्याचं समाधान होतं. मलाही वाटी आली होती, सोबत तळलेले फुगेही होते. बॉटल मसाल्याचा तो वास असताना धर्मशास्त्रातल्या बारकाव्यांना मी विरोध करत नाही.

संडे स्कूलच्या पोरांपुढे मात्र त्यांची कसोटी लागते. पोरांनी सिनेमे पाहिलेले, पुस्तक एकानेही नाही. अंकल मोरियाच्या गुहेतल्या आगीच्या राक्षसाबद्दल, बाल्रॉगबद्दल, डोळे मोठे करून सांगत होते, तेव्हा एका चिमुरडीने विचारलं, ‘‘आमच्या खालच्या डॉक्टरांच्या पाटीवर बालरोगतज्ज्ञ लिहिलंय, ते त्यालाच मारतात का?’’ अंकलनी जरा विचार करून ‘‘हो’’ म्हणून टाकलं. त्या डॉक्टरांकडची मुलांची रडारड त्यानंतर कमी झाली असं ऐकतो.

उपनगरातली प्रत्येक जागा त्यांनी टोल्किनच्या नकाशावर बसवली आहे. सीप्झच्या कुंपणाच्या आत सेंट जॉन द बॅप्टिस्टचं पडकं देऊळ आहे. १५७९ सालचं, जेझुइटांनी बांधलेलं. १८४० मध्ये साथ आली, गाव उठून मरोळला आलं, देऊळ मागे राहिलं, छप्पर गेलं, भिंतींवर झाडं चढली. १९७३ साली भोवती सीप्झ उभं राहिलं आणि पूर्वजांचं देऊळ निर्यातीच्या कारखान्यांच्या आवारात अडकलं. आता मे महिन्यात तिथे मिस्सा होते तेव्हा गावठाणातली मंडळी आत जातात. हा अंकलचा मोरिया. ‘‘फरक इतकाच,’’ ते म्हणतात, ‘‘तिथे दारावर ‘मित्र’ म्हटलं की दार उघडतं. इथे ओळखपत्र लागतं.’’ टोल्किनही १९७३ सालीच वारला, हे ते याच वाक्याला जोडून सांगतात. दोन्हींचा संबंध काय, हे सांगत नाहीत. निळ्या पेन्सिलीने खूण केली असावी.

एकदा ते पोरांना गिल्बर्ट हिल दाखवायला घेऊन गेले. मीही गेलो होतो. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत तो काळ्या बसाल्टचा सुळका उभा आहे, साठ मीटरच्या आसपास उंच, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. उभ्या खांबांची जुडी बांधून ठेवावी असा. अंकलनी हात वर करून जाहीर केलं, ‘‘ऑर्थँक! सारुमानचा मनोरा!’’ दुष्ट जादूगाराचा काळा मनोरा म्हणून जागा खरोखरच चोख होती. पण सुळक्याच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, आणि पायऱ्यांवरून ओटी भरून उतरणाऱ्या एका आजींनी ते ऐकलं. ‘‘कोण दुष्ट म्हणालात?’’ अंकलनी एका श्वासात पवित्रा बदलला. ‘‘नाही हो मावशी, मिनास तिरिथ. राजाची नगरी. एकदम चांगली जागा.’’ आजींनी प्रसादाचं खोबरं दिलं. पोरांनी ऑर्थँक खोडून मिनास तिरिथ लिहिलं. पुढची पिढी भूगोलात गोंधळणार, पण गावात शांतता राहिली.

बाकी लेखकांची तपासणी झटपट होते. रोलिंगबाईंना ते मानतात. जादूटोण्यावरून काही चर्चवाल्यांनी हॅरी पॉटरवर काहूर माजवलं होतं, पण शेवटच्या खंडात स्मशानातल्या दोन थडग्यांवर बायबलातली दोन वचनं आहेत, कुठली ते न सांगता. ‘‘सुटकेसचा खालचा कप्पा,’’ इति अंकल. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे चौदा खंड त्यांनी आजारपणात संपवले, नायकाच्या दोन्ही तळव्यांवर डाग, कुशीत कधीच न भरणारी जखम, डोक्यावर टोचणारा मुकुट. ‘‘हा तर अंगावर घालूनच आला!’’ जॉर्ज मार्टिनची तपासणी त्यांनी दार लावून केली, त्यातले प्रसंगच तसे आहेत. आणि फिलिप पुलमन? तो तर चर्चच्या विरुद्धच लिहितो. मला वाटलं होतं इथे अंकल हात टेकतील. ‘‘देवाशी एवढं कडकडून भांडतो म्हणजे ओळख जुनी आहे,’’ म्हणाले आणि लाल पेन्सिल काढली. या माणसाच्या टेबलावरून कुणीही सुटत नाही.

आंटींचं माहेर वसईचं. त्या मराठीत वाचतात. ‘सुवार्ता’ मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’, सगळं घरात आहे. २०२० साली दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा या बाईंनी सबंध गल्लीला पेढे वाटले होते. नवऱ्याचा हा उद्योग त्यांना बुद्धीचा आळस वाटतो. ‘‘येशूच पाहिजे तर एवढा फिरून कशाला जातो? कपाटात बायबल आहे, उघड आणि वाच.’’ अंकलचं उत्तर तयार असतं. ‘‘त्यात सगळं डिक्लेअर केलेलं आहे. आपण काय करायचं मग?’’

मला वाटतं, अंकलचं सगळं गुपित या उत्तरात आहे. भक्ती त्यांना आहेच, पण पुस्तकाकडे ते भक्तीपोटी जात नाहीत. शोधण्याची मजा हवी असते. माझ्या घरी हरिपाठ होता, त्यामुळे मी कीर्तनं बरीच ऐकली. कीर्तनकार बुवा पूर्वरंगात सिद्धांत मांडतात, उत्तररंगात आख्यान लावतात. सगळ्या गोष्टी शेवटी विठ्ठलापाशी येणार हे माहीत असूनही आपण बसतो ते आख्यानासाठी, त्यातल्या द्रौपदीसाठी, सुदाम्याच्या पोह्यांसाठी. अंकल आख्यान ओलांडून थेट आरतीला उभे राहतात. सिंह दिसला की ख्रिस्त, भाकरी दिसली की ख्रिस्तप्रसाद. मग त्या सिंहाच्या आयाळीत हात घालायला वेळच उरत नाही.

हे मी त्यांना एकदा बोललो आणि पुरावा म्हणून फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ दिलं. स्टीफन्स इंग्रज, टोल्किनचाच देशबंधू, जेझुइट. गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती आणि कान मात्र पुराणाचेच राहिले होते, म्हणून त्याने सबंध बायबलची कथा मराठी ओवीत लावली. १६१६ साली ती रोमन लिपीत छापली गेली. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय, आणि मराठी भाषेची अशी स्तुती आहे की आपल्या शाळेच्या पुस्तकांतून ती अजून हटलेली नाही. त्याला काही लपवायचं नव्हतं. लोकांच्या ओळखीच्या भांड्यात त्याने आपला प्रसाद वाढला, आणि भांडंही घासून लखलखीत केलं. मला म्हणायचं होतं की बघा, इथे गोष्ट आधी, अर्थ तिच्या अंगात. अंकलनी आठवडाभर पुस्तक ठेवून घेतलं. मग रात्री अकराला फोन. ‘‘हा स्टीफन्स गोव्यात कधी उतरला माहीत आहे? १५७९! आणि आपलं सीप्झचं देऊळ कधीचं? १५७९!’’ ओव्यांबद्दल चकार शब्द नाही.

एक पान मात्र त्यांच्या प्रतीत कोरं आहे. फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो, आणि इतका प्रवास करून ऐन वेळी अंगठी टाकायला नकार देतो. जग वाचतं ते अंगठीसाठी हपापलेल्या गॉलममुळे, ज्याला फार पूर्वी, अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने मारायची संधी असूनही दया येऊन सोडून दिलं होतं. इथे धर्मशास्त्र ठासून भरलेलं आहे, टोल्किनने पत्रांतून त्यावर पानंच्या पानं लिहिली. तरी इथे ना लाल रेघ, ना निळी. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘इथे काय लिहिणार? पकडलेला माणूस सोडून दिला म्हणून निभावलं. आम्ही सोडत नव्हतो, मॅन. एकालाही नाही.’’ आणि आंटींना चहा टाकायला सांगितला.

आता टॉम बॉम्बाडिल. पहिल्या खंडात जंगलात एक म्हातारा भेटतो. निळा कोट, पिवळे बूट, टोपीत पीस, तोंडात सतत गाणं. ज्या अंगठीने भलेभले वेडे होतात तिचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. बोटात घालतो आणि तसाच दिसत राहतो. पुढे कथेत त्याचं काम नाही. तो कोण, हे टोल्किनने मुद्दाम कोडं म्हणून ठेवलं. अंकलची त्याच्यावर वेगळी फाइल आहे, दोरीने बांधलेली. ‘आदम? पण मग पाप कुठे?’ ‘देवबाप? पण टोल्किनने पत्रात नाही म्हटलंय.’ ‘सेंट फ्रान्सिस? पण बायको आहे.’ ‘पवित्र आत्मा? बूट पिवळे.’ कस्टम्सच्या कायद्यात बेवारस माल तीस दिवसांनंतर नोटीस काढून विकता येतो. बॉम्बाडिल मात्र गोदामात तसाच पडून आहे, ना मालक सापडत ना लिलाव होत.

मागच्या पावसाळ्यात एक नवे तरुण फादर घर आशीर्वादित करायला आले. अंकलनी त्यांना पाणी द्यायच्या आत फाइल दिली. फादर सेमिनरीत टोल्किन वाचलेले. दोघांचं तासभर चाललं. रूपक, प्रतीक, आद्य निष्पाप सृष्टी. आंटी समोर बसून वाल सोलत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘हा माणूस करतो तरी काय?’’

फादर म्हणाले, ‘‘तसं काही नाही. गाणी म्हणतो. फिरतो. बायकोच्या हातचं जेवतो.’’

‘‘आणि ती अंगठी त्याच्याकडे का नाही ठेवली? त्याला काही होत नाही ना?’’

‘‘तो ती हरवून टाकेल म्हणून. त्याला असल्या गोष्टींचं महत्त्वच वाटत नाही. कुठेतरी ठेवेल आणि विसरून जाईल.’’

आंटींनी वालाचं ताट बाजूला ठेवलं. ‘‘मग एवढी वर्षं फाइल कशाला वाढवली? रिटायर झालेला नवरा आहे तो.’’

फादर हसायचं की नाही या पेचात. अंकल मात्र गंभीर झाले. पुराव्याशिवाय गोष्ट मान्य करायची त्यांना सवय नाही. ‘‘प्रूफ?’’ म्हणाले.

‘‘पंधरा दिवसांपूर्वी लाइटचं बिल दिलं होतं भरायला. कुठाय?’’

अंकल उठले. शर्टाचा खिसा, टीव्हीचं कपाट, देव्हाऱ्यातल्या मावलीच्या मूर्तीमागे, सगळीकडे पाहिलं. फादर निघून गेले तरी शोध चालू होता. बिल तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडात सापडलं, झाडं चालायला लागतात त्या प्रकरणात, खूण म्हणून घातलेलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, त्यामुळे ते भरायला द्यायला अंकल तयार होईनात. शेवटी आंटींनी डुप्लिकेट काढून आणलं आणि दंडासकट भरलं.